लिफ्टमधलं भूत मी आणलेलं नाही

कोरा_कागद

मागच्या आठवड्यात मी इथे टाकलेली कथा ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: एकाच इमारतीतले दोन शेजारी. पार्किंगवरून कधीतरी वाजलंय, तेव्हापासून अबोला. एका रात्री वीज जाते आणि दोघं लिफ्टमध्ये अडकतात. वीस मिनिटं कुणी तोंड उघडत नाही. मग लिफ्ट सुरू होते आणि दोघं आपापल्या वाटेने जातात. संपली.

माझ्या लेखी ती विनोदी होती. खदाखदा हसवणारी नव्हे, पण माणूस किती हट्टाला पेटू शकतो याची गंमत. निवेदकाला शेजाऱ्याकडे बघायचं नसतं म्हणून तो लिफ्टच्या आरशात स्वतःच्या कॉलरकडे बघत राहतो. माझ्या डोक्यात एवढंच होतं.

प्रतिसादांत काय झालं बघा. आधी दोन 'छान'. मग एकाने विचारलं, "आरशात शेजारी दिसल्याचा उल्लेख कुठेच नाही. तो नक्की आहे ना?" झालं! तिथून पुढे जो आला तो भूतकथा वाचूनच गेला. एका ताईंनी शेजाऱ्याच्या खोकल्याचाही अर्थ लावला. रात्री बारानंतर वाचायला नको होती, असंही कुणीसं लिहिलं. दुसऱ्या बाजूला एका दादांनी विचारलं की या लिफ्टला एआरडी (वीज गेल्यावर लिफ्ट मजल्यावर आणणारं यंत्र) नाही का, आणि मग बरीच मंडळी सोसायटीच्या देखभाल कराराकडे वळली.

आणि एक व्यनि, म्हणजे व्यक्तिगत निरोप. "भावाशी बोलणं बंद होतं. कथा वाचून फोन लावला. त्याने उचलला नाही. पण लावला."

एकच कथा, बाराशे शब्दांची. म्हणून इथल्या लिहित्या मंडळींना विचारतोय, तुमचंही असं होतं का? आणि झालं की काय करता, खुलासा करता की गप्प बसता?

सुतावरून_स्वर्ग

त्या भुताचा जनक मीच. माफी वगैरे मागणार नाही.

तुमचंच वाक्य चिकटवतो: "आरशात मी होतो. माझी कॉलर होती. बाकी अंधार." बाकी अंधार लिहायचं आणि वर भूत नाही म्हणायचं? शेवटी निवेदक पाचव्यावर उतरतो हे सांगितलंत. शेजाऱ्याबद्दल फक्त "तो गेला". कुठल्या मजल्यावर? दार उघडल्याचा आवाज का नाही? मी काहीही पदरचं घातलेलं नाही, जे कागदावर होतं तेच वाचलं. तुमच्या डोक्यात काय होतं ते मला दिसत नाही हो.

नंतर_वाचतो

हे क्रमशः आहे का? पुभाप्र (पुढील भागाच्या प्रतीक्षेत).

तेल_पाणी

एआरडीवाला मी. माझं पोट लिफ्टवर चालतं, त्यामुळे राहवलं नाही.

वीज गेली की ते यंत्र बॅटरीवर लिफ्ट जवळच्या मजल्यावर आणतं आणि दार उघडतं. मिनिटाभरात माणूस बाहेर. नुसती वीज गेली म्हणून वीस मिनिटं अडकायचं तर एकतर यंत्र बसवलेलंच नाही, नाहीतर बॅटरी मेलेली आहे, नाहीतर दाराच्या कुलपाचा संपर्क सुटलाय. संपर्क सुटला की सुरक्षा सर्किट तुटतं, मग एआरडी असूनही हलत नाही. यातलं काहीही एका ओळीत सांगितलंत तर मी पुढे वाचीन. मी 'दिवे गेले' पाशीच थांबलो होतो, शेवट दुसऱ्या दिवशी वाचला.

आणि खरं सांगू? मला एआरडीपेक्षा दुसरीच गोष्ट खटकली होती, ती लिहायची राहिली. लिफ्टमध्ये धोक्याचं बटण असतं. ते दाबलं की इंटरकॉमवर पलीकडचा माणूस पहिला प्रश्न विचारतो, "आत किती जण आहात?" आता सांगा, अबोला असलेल्या दोघांपैकी बटण कोण दाबणार? आणि उत्तर काय देणार, एक की दोन?

चौथी_भिंत

"एक की दोन?" अहो तेलपाणीदादा, हीच कथा आहे! तुम्ही ती देखभाल करारात कुठे पुरून ठेवली होतीत?

कोराकागद, तुमच्या प्रश्नाला उत्तर: होतं. आणि प्रथमपुरुषी लिहिलं की हटकून होतं. मी एकदा 'मी' वापरून घर सोडून जाणाऱ्या बाईची कथा लिहिली. त्यातला नवरा लंगडतो, दर रात्री दाराला कडी लावताना तीन-तीन वेळा ओढून बघतो, असं बरंच काही. आमचे हे धडधाकट आहेत आणि कडी लावायची आठवण मलाच करावी लागते. तरी यांच्या ऑफिसातल्या एकाने यांना बाजूला घेऊन विचारलं, "सगळं ठीक आहे ना घरी?" यांनी कथा वाचलेलीच नव्हती. संध्याकाळी येऊन मला विचारतात, "तू कुठे चालली आहेस?"

लंगडा पाय वाचणाऱ्याला दिसला नाही. 'मी' तेवढा दिसला.

हे फक्त हौशी लोकांच्या वाट्याला येतं असंही नाही. २०१७च्या डिसेंबरात 'द न्यूयॉर्कर' या अमेरिकन साप्ताहिकात क्रिस्टन रुपेनियन यांची 'कॅट पर्सन' आली आणि इंटरनेटवर तुफान फिरली. कथा आहे, तीही तृतीयपुरुषी. तरी कित्येक जण तिला 'लेख' म्हणूनच पुढे पाठवत होते आणि त्यातल्या मुलीचं चुकलं की नाही यावर तावातावाने भांडत होते, जणू ती ओळखीतली आहे.

जुनी_वही

लेखाचं निघालंय म्हणून, त्याच साप्ताहिकातला आणखी जुना किस्सा. २६ जून १९४८च्या अंकात शर्ली जॅक्सन यांची 'द लॉटरी' छापून आली. एका साध्यासुध्या गावात दरवर्षी सगळ्यांसमोर चिठ्ठ्या काढतात आणि जिच्या हाती खुणेची चिठ्ठी येते तिचं काय होतं, ते ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी सोडून देते. पत्रांचा पाऊस पडला. जॅक्सनबाईंनी नंतर एका व्याख्यानात याचा सगळा हिशोब दिलाय. त्या उन्हाळ्यात तीनशेच्या वर पत्रं आली आणि त्यांत चार बरे शब्द लिहिणारी अवघी तेरा. तीही बहुतेक मित्रमंडळींची. खुद्द आईने लिहिलं की मला आणि बाबांना तुझी गोष्ट अजिबात आवडली नाही.

बाकीच्या पत्रांत गोंधळलेली माणसं होती, तर्क लढवणारी होती आणि सरळ शिव्या घालणारी होती. पण मला कायम आठवते ती आणखी एक तऱ्हा. काही जणांना फक्त एवढंच हवं होतं की ह्या चिठ्ठ्या कुठे काढतात आणि बघायला जाता येईल का.

म्हणजे लेखिकेने आरसा धरला असं आपण समीक्षेत म्हणतो, आणि वाचणारा तिकीट कुठे मिळेल ते विचारतोय. भूत त्या मानाने बरंच सभ्य आहे, कोराकागद.

उलटतपासणी

जुनीवही, उत्तम. पण यात वाचकांच्या अकलेवर हसण्याचा सूर लागायला नको. कारण हे फक्त भाबड्या वाचकांचं होत नाही.

केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स यांनी विद्यार्थ्यांना कविता वाचायला दिल्या. कवीचं नाव नाही, साल नाही. काय वाटलं ते लिहून आणा. साहित्य शिकणारी, चांगली वाचणारी मुलं. त्यांनी जे लिहून आणलं त्यावर १९२९ साली पुस्तक निघालं, आणि ते अजून वाचवत नाही इतकं ओशाळवाणं आहे. साधा अर्थ हुकलेला, नावाजलेल्या कवींना मोडीत काढलेलं. रिचर्ड्सने अडचणींची यादी केली, त्यात एक ठळक अडचण अशी की कवितेतल्या एखाद्या शब्दाने वाचणाऱ्याची स्वतःची कुठलीतरी आठवण जागी होते आणि पुढे तो ती आठवणच वाचत बसतो.

दुसरा प्रयोगही केंब्रिजचाच. फ्रेडरिक बार्टलेट यांनी लोकांना उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक दंतकथा वाचायला दिली आणि नंतर ती आठवून लिहायला सांगितली (पुस्तक १९३२चं). परक्या जगातली गोष्ट, वाचणारे इंग्रज. लिहिताना 'कनू' या लांबट, निमुळत्या नावेची साधी होडी झाली, सील मारायला निघालेले लोक मासे पकडायला जाऊ लागले. आणि गंमत म्हणजे त्या गोष्टीच्या नावातच भुतं आहेत, तरी कित्येकांच्या आठवणीतून भुतं गळून पडली. त्यांना ती कुठे बसवावीत ते कळेना.

बार्टलेटच्या वाचकांनी असलेली भुतं हाकलली, सुतावरूनस्वर्ग यांनी नसलेलं बसवलं. काम एकच चाललंय: हातात आलेली गोष्ट आपल्याला पटेल अशी करून घेणं.

सुतावरून_स्वर्ग

नसलेलं नाही. "बाकी अंधार."

मधली_ओळ

रिचर्ड्सच्या यादीवरून आठवलं. त्याच्या सुमारे नऊशे वर्षं आधी काश्मीरच्या अभिनवगुप्ताने नाट्यशास्त्रावरच्या भाष्यात सात रसविघ्नं सांगून ठेवली आहेत. रस का चढत नाही याची कारणं. सगळी सात इथे देत नाही, पण पहिलं विघ्न म्हणजे जे दाखवलं जातंय ते घडू शकतं असंच बघणाऱ्याला न वाटणं. तेलपाणीदादा 'दिवे गेले' पाशी थांबले ते याच विघ्नाने. तिसरं विघ्न म्हणजे प्रेक्षक स्वतःच्याच सुखदुःखात इतका गुंतलेला असतो की समोरच्या गोष्टीत तो शिरतच नाही.

माझा अभिनवगुप्ताशी वाद आहे तो इथेच. त्याच्या हिशोबाने भावाला फोन लावणारा हा रस हुकलेला प्रेक्षक. कथेतल्या अबोल्याची चव घ्यायची सोडून तो स्वतःच्या अबोल्यात गेला. आणि तरी कोराकागद यांना आलेल्या सगळ्या प्रतिसादांत कथेचं सगळ्यात जास्त काम कुणावर झालं असेल तर त्याच्यावर. विघ्नाने मोडलेली मैफल आणि तीच सगळ्यात लक्षात राहिलेली, हे माझ्या डोक्यात अजून बसत नाही. कुणाला बसवता आलं तर सांगा.

काठावरून

फोन लावणं हा झाला गोड परिणाम. पेरुमल मुरुगन आठवतात का? त्यांची तमिळ कादंबरी 'मादोरुबागन' २०१०ची. शांतपणे वाचली गेली. चार वर्षांनी विरोध पेटला, प्रती जाळल्या गेल्या, आणि २०१५च्या जानेवारीत त्यांनी फेसबुकवर जाहीर केलं की लेखक पेरुमल मुरुगन मेला. २०१६च्या जुलैत मद्रास उच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला, लेखकाला पुन्हा लिहू द्या म्हणून. शब्द तेच होते, २०१०लाही आणि २०१४लाही. बदलले ते वाचणारे, आणि त्यातल्या कितींनी वाचली होती देव जाणे.

कोरा_कागद

काठावरून, ते वजन वेगळंच आहे. माझी लिफ्ट त्यापुढे काहीच नाही. पण "शब्द तेच होते" हे पटलं.

मोजपट्टी

सगळे कथेच्या आत शोधताय. जरा बाहेर बघा. भूत सुचलं एकाला आणि दिसलं पुढच्या सगळ्यांना. ते त्यांना वाचून दिसलं की वरचा प्रतिसाद वाचून?

यावर झकास प्रयोग झालेत. २००६ साली सालगानिक, डॉड्स आणि वॉट्स यांनी 'सायन्स'मध्ये एक निबंध छापला. अनोळखी बँडची ४८ गाणी, सुमारे १४,००० लोक. काही जणांना फक्त गाणी दिली. बाकीच्यांचे आठ वेगळे कप्पे केले आणि प्रत्येक कप्प्यात आपल्या आधीच्या लोकांनी कुठलं गाणं किती वेळा उतरवून घेतलं ते दिसत होतं. गाणी सगळीकडे तीच. तर एका कप्प्यात पहिलं आलेलं गाणं दुसऱ्या कप्प्यात चाळिसावं आलं. अगदी उत्तम गाणी सहसा तळाला गेली नाहीत, अगदी टुकार सहसा वर आली नाहीत, पण मधल्यांचं काहीही होऊ शकत होतं. आणि आपण सगळे (न चिडता घ्या) मधलेच आहोत.

दुसरा प्रयोग २०१३चा. एका संकेतस्थळावर लोकांच्या काही टिप्पण्यांना संशोधकांनी स्वतःच, काहीही न वाचता, चिठ्ठ्या टाकून निवडल्यासारखं एकेक पसंतीचं मत देऊन ठेवलं. फक्त एक मत. शेवटी त्या टिप्पण्यांचे गुण सरासरी २५ टक्क्यांनी जास्त भरले. उलट, नापसंतीचं मत दिलं तिथे पुढच्या लोकांनी ते भरून काढलं. म्हणजे स्तुतीमागे कळप जातो, टीकेमागे तेवढा जात नाही.

तेव्हा कोराकागद, 'तो नक्की आहे ना' च्या जागी तिसरा प्रतिसाद "हसून मेलो" असा आला असता तर आज हा धागाच नसता. वाचक बेभरवशाचे असतात म्हणण्यापेक्षा पहिले चार-पाच जण कोण येतात ते बेभरवशाचं असतं.

रोमात_कायम

मोजपट्टी, तुमच्या मोजणीत मी नाही. कधीच नसतो. मी ही कथा दोनदा वाचली आणि काही लिहिलं नाही. मला भूत दिसलं नव्हतं, गंमतही वाटली नव्हती. मला ती भीतीची वाटली, भुताची नव्हे, शेजाऱ्याने आधी बोलण्याची. तो "काय म्हणता?" असं म्हणाला असता तर निवेदकाला उत्तर द्यावं लागलं असतं. माझं एका माणसाशी असंच आहे, समोरून तो दिसला की मी फोन कानाला लावतो.

लिहीत का नाही? आवडलेल्या कथेखाली 'छान' लिहायची लाज वाटते आणि छानच्या पुढे मला लिहिता येत नाही. न पटलेल्या कथेखाली मात्र मी झटकन लिहितो. तेव्हा माझे प्रतिसाद बघून कुणाला मी खवट वाटलो तर चूक त्यांची नाही.

चौथी_भिंत

रोमात, हा तुमचा पहिला मोठा प्रतिसाद मी वाचतेय. थांबू नका.

मूळ दुसऱ्या प्रश्नावर कुणी बोललंच नाही, खुलासा करायचा का? माझं मत: करायचा नाही. मी एकदा केला. 'लंगडा नवरा हे अमुकचं प्रतीक आहे' असं प्रतिसादात लिहिलं आणि त्यानंतर त्या कथेवर एकही माणूस बोलला नाही. उत्तरपत्रिका तपासून परत दिल्यावर वर्ग उठून जातो ना, तसे उठून गेले.

उलटतपासणी

असहमत. 'लेखकाने गप्प राहावं' ही ऐट छापील पुस्तकात खपून जायची, कारण वाचणारा समोर नसायचा. इथे माणूस समोर बसून विचारतोय, भूत आहे का? त्याला गूढ हसून दाखवायचं? मला तो उर्मटपणा वाटतो. "माझ्या डोक्यात नव्हतं, पण तुमचं वाचन पुराव्यासकट आहे" असं म्हणायला काय हरकत आहे? यात खुलासाही होतो आणि वाचणाऱ्याची जागाही शाबूत राहते.

जुनी_वही

दोघांच्या मधलं एक उदाहरण. फ्रँक स्टॉकटन यांनी १८८२ साली एक कथा लिहिली, 'द लेडी, ऑर द टायगर?' दोन दारं. एकामागे सुंदर तरुणी, दुसऱ्यामागे वाघ. नायकाला राजकन्या खुणेने एक दार दाखवते, तो ते उघडतो आणि स्टॉकटन वाचकालाच विचारतात की बाहेर कोण आलं. लोकांनी पिच्छा पुरवला. वर्षानुवर्षं. पुढे त्यांनी त्याच धाग्यातली आणखी एक कथा लिहिली, तर तीही आणखी एक कोडं टाकून संपवली. शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही.

पण त्यांनी प्रश्न मुद्दाम विचारला होता. कोराकागद यांनी विचारलेलाच नाही आणि लोक उत्तरं देतायत. हा फरक मला महत्त्वाचा वाटतो.

मधली_ओळ

जुनीवही, सहमत. आणि म्हणून माझी पद्धत वेगळी आहे. वाचणारा काय अर्थ लावतो ते मी सोडून देते. तो थांबला कुठे तेवढं टिपून ठेवते. तेलपाणीदादा विजेपाशी थांबले, सुतावरूनस्वर्ग आरशापाशी, रोमात 'आधी कोण बोलणार' इथे. कारणं तिघांची तीन, आणि उपाय सुचवतील तेही तीन. पण जागा खऱ्या असतात. आरशाच्या त्या तीन वाक्यांत काहीतरी घडतंय हे लेखकापेक्षा त्यांना आधी कळलं. ते भूत आहे का हा पुढचा प्रश्न.

व्यनिवाल्याला मात्र उत्तर द्या हो. कथेबद्दल काही लिहू नका. भावाने परत फोन केला का, एवढंच विचारा.

कोरा_कागद

विचारलं आत्ताच.

आणि तेलपाणीदादा, बटणाची कथा तुमची आहे. मी चोरणार नाही, तुम्हीच लिहा.

तेल_पाणी

मी कसला लिहितोय. पण दुपारी काम नव्हतं म्हणून चार ओळी खरडल्या, हसू नका.

"बटण दोघांच्या मध्ये होतं. दोघांचेही हात खिशात. सहा मिनिटांनी तिने दाबलं. आतून घरघर झाली आणि आवाज आला, 'आत किती जण आहात?' ती म्हणाली, 'एक.' मग तो पुढे वाकला आणि इंटरकॉमच्या जाळीला तोंड लावून म्हणाला, 'अजून एक.' आवाज म्हणाला, 'म्हणजे दोन का?' कोणीच बोललं नाही. 'वजन दोघांचं दाखवतंय,' आवाज म्हणाला, 'दारापासून लांब उभे राहा.'"

चौथी_भिंत

दादा!! घटस्फोट झालेलं जोडपं ना? "अजून एक" वाचून पोटात कालवलं.

सुतावरून_स्वर्ग

मला तो वरचा आवाज देवाचा वाटला. वजन दोघांचं दाखवतंय म्हणे.

तेल_पाणी

अहो कसलं जोडपं, कसला देव! शेजारी आहेत, पार्किंगवाले. 'ती' केली कारण कोराकागद यांचे दोन्ही पुरुष होते, त्यांची नक्कल नको म्हणून. आणि आवाज कंट्रोल रूममधल्या पोराचा आहे. लिफ्टच्या तळाशी वजन मोजायचा सेन्सर असतो, त्याचा आकडा ज्या बसवणीत कंट्रोल रूमपर्यंत जातो तिथे त्याला तो पडद्यावर दिसतो. सगळ्या बसवणीत दिसत नाही, म्हणून ही लिफ्ट नवी धरलीय. एवढं तरी नीट वाचा की!